शेवटच्या गाण्याचं माप

३ नोव्हेंबर

भिंगरे,

फोनवर तू नुसतं "हो आजी, हो आजी" करतेस आणि पलीकडे भांडी घासतेस. मला नळाचा आवाज येतो. म्हणून पत्र. कागद वाचायला हात रिकामे लागतात. आशीर्वाद मागच्या पत्रातले उरले असतील, तेच पुरवून वापर.

काम असं आहे. धाकटी येतेय. ती तिकडे मुलाकडे राहायला चालली आहे, कायमची. बोट लागेपर्यंत समुद्र आणि उतरल्यावर पुन्हा आगगाडी, इतकं लांब. जायच्या आधी दोन दिवस माझ्याकडे, जानेवारीच्या सुरुवातीला. माझ्या प्रेमाने येत नाही, आईची मोठी कात्री न्यायला येते. म्हणते, "ताई, इतकी वर्षं तुझ्याकडे होती, आता माझी पाळी." कात्री म्हणजे काय झोपाळा आहे का, पाळी लावायला? आधीच कानामागून आली आणि तिखट झाली.

मी म्हटलं, कात्रीचं नंतर. आधी शेवटच्या कडव्यात कोण घसरलं ते कबूल कर. ती म्हणाली, "तूच." मग पैजच लागली. जी घसरली तिने कात्रीवर पाणी सोडायचं.

तुला ही भानगड अर्धवट माहीत असेल, म्हणून पुरती सांगते. आम्ही दोघी शिवणाच्या कारखान्यात होतो तेव्हा मालकाला हौस आली. चौदा बायकांचा कोरस केला, गाणी बसवली, एक दिवस भाड्याने यंत्र आणून तबकडी काढली. शेवटचं गाणं संपलं आणि गाणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "शेवटच्या कडव्यात डावीकडून कुणीतरी घसरलं." डावीकडे कडेला आम्ही दोघीच. पुन्हा गायला यंत्रवाला थांबला नाही. तेव्हापासून ती म्हणते मी आणि मी म्हणते ती.

मग तबकडी लावून बघायची की, असं म्हणशील. तेच तर होत नाही. सगळी तबकडी छान वाजते आणि शेवटचं गाणं आलं की फाटतं. हत्ती जातो आणि शेपूट अडकतं. सगळ्या बायका तोंडात खडे धरून गातात असं वाटतं. आम्ही ते गाणं कधी वाजूच दिलं नाही, आलं की दांडी उचलायची. तबकडी दोघींना एकेक मिळाली होती, पण तिच्या तबकडीची तर तिने गरम पाण्यात घालून कुंडी केली.

तू वजनंमापं तपासायच्या कचेरीत बसतेस. दुसऱ्यांचे तराजू खोटे ठरवतेस. तर हे शेपूट सोडव.

आजी

---

१० नोव्हेंबर

आजी,

भांडी घासत नव्हते, धुणं धूत होते. पण पत्र दोन्ही हातांनी वाचलं.

तुझी तबकडी बिघडलेली नाही. सुई वाकडी बसली आहे. नीट सांगते, मध्येच उठू नकोस.

तबकडी कोरताना कोरायची सुई कडेपासून मध्यापर्यंत सरळ रेषेत सरकते. आपली दांडी मात्र एका टोकाला खुंटीवर बसवलेली. ती दारासारखी फिरते, म्हणजे सुई सरळ न जाता कमानीत जाते. त्यामुळे सुई खाचेत अगदी बरोबर उभी राहते ती फक्त दोन ठिकाणी. बाकी सगळीकडे थोडी तिरकी. ती दोन ठिकाणं नीट निवडली तर तिरकेपणा इतका कमी होतो की कानाला कळत नाही. नाही निवडली तर सगळा त्रास आतल्या गाण्याला होतो, कारण मध्याजवळ एक फेरा लहान, तेवढाच आवाज थोड्या जागेत कोंबलेला. तिथे सुई जरा तिरकी झाली की फाटलंच.

तू ते गाणं कधी वाजू दिलं नाहीस हे उत्तम केलंस. वाकड्या सुईने खाच झिजते. तुझं शेवटचं गाणं अजून कोरं असणार.

मी तुला एक कागद करून पाठवते. मध्ये भोक असेल, तबकडीसारखा खिळ्यात बसवायचा. त्यावर एक कमान काढलेली असेल. दांडीच्या टोकाला सुई ज्यात बसते ते घर आहे, त्याचे दोन स्क्रू सैल करून ते पुढेमागे करायचं, जोवर सुई कमानीच्या दोन्ही टोकांना रेघेवर उभी राहत नाही तोवर. त्यासाठी मला एकच आकडा हवा: मधल्या खिळ्यापासून दांडीच्या खुंटीच्या मध्यापर्यंतचं अंतर. अगदी नेमकं.

धाकट्या आजीचा फोन आला होता. तुलाही चल म्हणाली, तू नाही म्हणालीस. का गं?

भिंगरी

---

१६ नोव्हेंबर

भिंगरे,

साडेएकवीस सेंटीमीटर. तीनदा मोजलं, तीनदा तेच आलं. मी मोजलेलं चुकत नाही, या गल्लीतले निम्मे खांदे मी मोजलेत.

दाराची गोष्ट कळली. तुझ्या आजोबांनीच ते सुईचं घर बसवलं होतं. भिंतीवरची तसबीर जरा कलली तर त्यांना जेवण जात नसे. सुईचं घरही डोळ्यांना सरळ दिसेल असं पार मागे ढकलून आवळलं. सरळ दिसतं आणि वाकडं वाजतं. त्यांच्या भावाचंही तसंच होतं.

मी का जात नाही म्हणतेस. काय करू जाऊन? तिचा मुलगा कामाला, सून कामाला, मी खिडकीत बसून दुसऱ्यांच्या गाड्या मोजू? काम असल्याशिवाय मी कुणाच्या दारात उभी राहत नाही. पाहुणी म्हणून बसायला मला येत नाही, ढुंगण दुखतं. तिला जायचं तर जाऊ दे. मला त्याचं काही नाही.

कागद लवकर पाठव.

आजी

---

२३ नोव्हेंबर

आजी,

कागद सोबत आहे, दुमडू नकोस. खाली एक आडवी रेघ आहे, तिच्यावर "दहा सेंटीमीटर" लिहिलंय. ती आधी मोज. ती बरोबर भरली तरच पुढे जायचं. हा आमच्या कचेरीतला नियम आहे: मापायच्या आधी माप तपासायचं.

भिंगरी

---

२९ नोव्हेंबर

सरकारी तपासनीस बाईसाहेबांना,

आपली दहा सेंटीमीटरची रेघ दहा भरत नाही. सहा बारीक रेघा कमी आहे. दोनदा मोजली. मग चष्मा पुसून मोजली.

मापायच्या आधी माप तपासायचं म्हणे. मग हे कुणी तपासलं? कुंपणच शेत खायला लागलं तर त्या बिचाऱ्या दुकानदारांनी कुणाकडे बघायचं?

तरी बरं, मी स्क्रूला हात लावला नव्हता.

धाकटी रोज फोन करून विचारते, "तबकडी वाजली का?" मी सांगते, नात मोठी शास्त्रज्ञ आहे, ती रेघ मारायला शिकते आहे.

आजी

---

५ डिसेंबर

आजी,

चूक माझी. कागद कचेरीच्या प्रिंटरवर छापला आणि त्या शहाण्याने सगळं कागदावर मावावं म्हणून आपल्या मनाने आखडून छापलं. मी न बघता पाकिटात घातलं. साहेबांना सांगितलं तर ते दिवसभर हसले. आता टेबलावर कुणी चहा ठेवला की विचारतात, "कप आखडलेला आहे का?"

हा दुसरा कागद. पोलादी पट्टीने मी स्वतः मोजलाय, साहेबांनीही मोजलाय. रेघ बरोब्बर दहा आहे. आता बिनधास्त स्क्रू सैल कर. हळू कर. सुईला बोट लावू नकोस.

भिंगरी

---

११ डिसेंबर

भिंगरे,

तुझ्या साहेबांनाही चष्मा लागलाय. रेघ दोन बारीक रेघा कमीच आहे.

तरी म्हटलं, पोरीने कष्टाने पाठवलंय, करून बघू. खिडकीशी टेबल ओढलं, शिवणाचं भिंग घेतलं, स्क्रू सैल केले. बाहेरच्या टोकाला सुई रेघेवर उभी केली. आतल्या टोकाला नेली तर रेघ सोडून भलतीकडे. आत जमवली तर बाहेर बिघडली. डोकं झाकलं की पाय उघडे. दुपारभर हेच. शेवटी वैतागून तसंच आवळलं आणि तबकडी लावली. शेवटचं गाणं पूर्वी फाटत होतं, आता फाटतं आणि वर फिसकारतं.

तुझी कमान पुस्तकात खरी असेल. माझ्या टेबलावर ती बसत नाही. आमच्याकडे असं झालं की आम्ही गिऱ्हाइकाला तुमचं अंग चुकलं असं म्हणत नाही.

धाकटी यायला आता फार दिवस नाहीत. तिला मी काय दाखवू, तुझे दोन कागद?

आजी

---

१६ डिसेंबर

आजी,

रागावू नकोस आणि पत्र फेकू नकोस. एक विचारते. तू मोजतेस ती टेप कुठली? तीच का, पिवळी, जिचं पहिलं टोक झिजलं म्हणून तू दोऱ्याने शिवलं होतंस? मी लहान असताना तिला लोंबकळायचे ती?

ती कापडी आहे. वर्षानुवर्षं ओढून ओढून ती लांबली आहे, आजी. टेप लांबली की तिच्या रेघा एकमेकींपासून दूर जातात, आणि खरं दहा सेंटीमीटर तिच्यावर दहाला कमी भरतं. बरोब्बर दोन बारीक रेघा कमी. म्हणजे रेघ तू चुकीची ठरवलीस आणि मला दिलेलं साडेएकवीसही खरं साडेएकवीस नव्हतं. मी अख्खी कमान चुकीच्या आकड्यावर काढली. हिशोब बरोबर, पाया चुकलेला.

म्हणजे एक चूक माझी, एक तुझी. फिटंफाट.

आता कळलं, बँकेतल्या काकांचा तो कोट गोणीसारखा का झाला होता.

भिंगरी

---

२० डिसेंबर

भिंगरे,

बँकेतले काका वाळलेच होते. मी तेव्हाही सांगितलं, आत्ताही तेच सांगते.

तुझं पत्र वाचून मी टेप घेतली आणि शेजारच्या सुताराच्या पोलादी पट्टीला लावली. लांबली आहे. बरं, लांबली. इतकी वर्षं ओढलं तर मीही लांबले असते.

पण मग मला रात्रभर एकच किडा. याच टेपने मी आयुष्य काढलं. गणवेश शिवले, सदरे शिवले, पडदे शिवले. कुणाचं काही घट्ट झालं नाही, कुणाचं ढगळ झालं नाही. असं कसं? सकाळी अभ्रा बेतताना लक्षात आलं. मी अंग मापायचे याच टेपने आणि कापड मापायचे तेही याच टेपने. टेप दोन्हीकडे सारखंच खोटं बोलायची. दोन्हीकडे सारखं खोटं बोललं की भांडण होत नाही. काकांनी तेवढं घरून माप लिहून आणलं होतं, दुसऱ्याच्या टेपने घेतलेलं. मी कापलं माझ्या टेपने. तिथे घोळ झाला. पण ते वाळले होते हेही खरं.

तर तुझ्या कमानीचं असं झालं. तुझी पोलादाची, माझी कापडाची. दोघींनी आपापल्या टेपने मापलं आणि आकडे तेवढे टपालाने पाठवले.

आता आकडा पाठवतच नाही. जुन्या काळी टेप नसायची तेव्हा आई कागदाची पट्टी कापून अंगाला लावायची आणि तीच पट्टी कापडावर ठेवायची. मी पुठ्ठ्याची पट्टी कापली. एका टोकाला भोक पाडलं, ते मधल्या खिळ्यात घट्ट बसतं. दुसरं टोक खुंटीवर आणून मध्यावर सुईने टोचलं. भोकापासून टोचेपर्यंत जे काही आहे ते आहे. त्याला काय म्हणायचं ते तू ठरव. पट्टी सोबत आहे.

आणि तो छापखाना नको. हाताने काढ.

आजी

---

२४ डिसेंबर

आजी,

बावीस. पूर्ण बावीस, केसभरही इकडेतिकडे नाही. त्या पट्टीवर साहेबांनी भिंग लावलं आणि म्हणाले, तुझ्या आजीची टोच आमच्या यंत्रापेक्षा सुबक आहे. जास्त फुगू नकोस, टेपबद्दल ते काय म्हणाले तेही मला माहीत आहे.

कमान हाताने काढली आहे, जाड पुठ्ठ्यावर, कचेरीच्या कंपासने. खुंटी ते सुई किती ठेवायचं, दोन बरोबर जागा कुठे येतात, हा हिशोब मात्र माझा. तुझी पट्टी नुसती असती तर काही उपयोग नव्हता हे लक्षात ठेव. दोन जागी छोट्या चौकटी काढल्यात. सुई तिथे ठेवलीस की सुईच्या घराच्या कडा चौकटीच्या रेघांशी समांतर दिसल्या पाहिजेत. दांडीशी सरळ दिसणार नाहीत, जरा आत वळलेल्या दिसतील. आजोबांना बघवलं नसतं. तू बघ.

आणि कुणी का जिंकेना, मला लगेच कळव.

भिंगरी

---

७ जानेवारी

भिंगरे,

बसली. बाहेर रेघेवर, आत रेघेवर, चौकटीत सरळ. घर वाकडं दिसतं, सुई सरळ उभी. मी एकदाही वाजवून बघितलं नाही. म्हटलं, धाकटी आल्यावरच. नाहीतर म्हणेल, आधी ऐकून घेतलंस आणि तयारी केलीस.

ती आली. चार बोचकी आणि एक ती कुंडी, आत निवडुंग. "तुला ठेव, तिकडे नेता येत नाही." आल्या आल्या चहा नाही, पाणी नाही. "लाव."

लावली. ती खुर्चीत, मी स्टुलावर, कात्री मध्ये टेबलावर ठेवलेली. पहिली गाणी आम्ही ऐकलीच नाहीत, नुसती कात्रीकडे बघत बसलो. मग शेवटचं आलं.

भिंगरे, स्वच्छ. प्रत्येक बाई वेगळी ओळखू येत होती. ती लांब वेणीची, ती सर्दीवाली, काजं करणारी ती जाडी. सगळ्या तिथे खोलीत उभ्या असल्यासारख्या. धाकटी म्हणाली, "अगं, हिला तर जाऊन किती वर्षं झाली." मी म्हटलं, गप्प बस, कडवं येतंय.

कडवं आलं. आणि डावीकडून घसरलं. चांगलं ढळढळीत घसरलं. पण एक नाही. दोघी. एकदम, एकाच जागी, एकाच सुरात खाली. जणू एकाच कापडातून बेतलेल्या. बाकीच्या बारा वर आणि आम्ही दोघी पायरीखाली, अगदी ठणठणीत, मान वर करून.

त्या दिवशी मी सूर घेत होते तिच्याकडून आणि ती घेत होती माझ्याकडून. बाईंकडे बघतंय कोण! मला ती बरोबर वाटायची म्हणून मी बरोबर, आणि तिला मी. माझ्या त्या पिवळ्या टेपचीच गोष्ट.

दांडी उचलली. मला वाटलं आता ही रडते की काय. तर धाकटी म्हणते,

"ताई, बाकीच्या जरा जास्तच चढल्या होत्या, नाही?"

मी म्हटलं, "मलाही तेच वाटलं."

"बारा जणी! आणि एकीलाही सूर धरता येऊ नये?"

"त्या सर्दीवालीने बिघडवलं सगळ्यांना."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, पण तुला सांगते, तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा आम्हा दोघींचंच बरोबर वाटायला लागलं. मग संध्याकाळपर्यंत तेच लावलं. खालच्या मजल्यावरच्याने काठीने छत ठोकलं तेव्हा थांबलो.

पैज कुणीच हरलं नाही, म्हणून कात्री ड्रॉवरमध्ये परत गेली. तिने म्हटलं, "स्क्रू काढून एकेक पातं घेऊ." मी म्हटलं, मग दोन सुऱ्या होतील, कात्री कुठली? पुन्हा विषय काढला नाही. आज सकाळी गेली. गाडी सुटताना काहीतरी ओरडली, इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी हात केला आणि बाजारातून दोरा घेऊन घरी आले.

पोलादी पट्टी पाठवू नकोस. थंड लागते.

आजी

---

१३ जानेवारी

आजी,

साहेबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. आता कचेरीत दोन तराजू सारखेच चुकले की त्याला "बहिणी" म्हणतात.

धाकटी आजी पोचली. फोन आला होता. खुशीत होती, फार खुशीत. कारण सांगेना. म्हणाली, "ताईला अजून कळलं नसेल." काय कळलं नसेल?

भिंगरी

---

१९ जानेवारी

भिंगरे,

तुझं पत्र आलं आणि मी तशीच उठून ड्रॉवर उघडला.

कात्री नाही. कात्रीच्या जागी निवडुंगाची एक फांदी, कागदात गुंडाळलेली. मला चिडवायला. ड्रॉवरला कुलूप असतं, पण त्या दोन दिवसांत किल्ली कुलपालाच लटकत होती. कुणाची चूक ते विचारू नकोस.

फोन केला. म्हणते, "हो, मीच नेली. हवी असेल तर ये आणि घेऊन जा. टपालाने पाठवणार नाही, टोकदार आहे." वर म्हणते कशी, "काम असल्याशिवाय तू येत नाहीस ना? घे, काम दिलं."

चोर तो चोर आणि वर शिरजोर. मी सोडते काय! आईची वस्तू आहे. आता जायलाच हवं, नाइलाज आहे. तबकडी बरोबर घेते. तिकडे तिच्या मुलाकडे वाजवायचं यंत्र आहे म्हणे, पण त्याची सुई कुणी बसवली कोण जाणे. तुझ्या त्या कमानीचा हिशोब पाठव, पट्टी मी तिकडे कापीन. पिवळी टेपही घेतली आहे. धाकटीचं माप दुसऱ्या कशाने नीट येत नाही.

तू तिकीट काढ. खिडकीची जागा बघ. फक्त जायचं काढ. परतीची घाई नको, असल्या चोरांची झडती घ्यायला वेळ लागतो.

आजी